पहिल्या मजल्यावरचं परराष्ट्र धोरण

जगात कुठेही तोफ डागली गेली की तिचा हादरा सगळ्यांत आधी अंधेरीतल्या आमच्या बिल्डिंगीत, पहिल्या मजल्यावर बसतो. तिथे अंकल राहतात. जहाजाच्या इंजिनरूममध्ये उभं आयुष्य गेल्यामुळे त्यांना ऐकायला कमी येतं, आणि म्हणून बोलणं फार मोठ्यानं असतं. निवृत्तीनंतर ते रमी खेळत सुखात राहिले असते. पण एका रविवारी चर्चमध्ये बिशपांचं आवाहन वाचलं गेलं. देशानं परदेशांशी वागताना माणसाचे हक्क आणि शांतता यांना पहिलं स्थान द्यावं, आणि भाविकांनी त्यासाठी आवाज उठवावा, असं ते आवाहन होतं. बाकीचे भाविक 'आमेन' म्हणून जेवायला घरी गेले. अंकलना मात्र वाटलं, बिशप आपल्याशीच बोलले. आणि आवाज तर त्यांच्याकडे होताच.

तेव्हापासून सोसायटीच्या सभेत टाकीच्या गळतीवर चर्चा चालू असताना ते युद्धबंदीचा ठराव मांडतात, आणि सगळ्यांना भूक लागलेली असल्यामुळे तो एकमतानं मंजूरही होतो. नगरसेवकपदाचे उमेदवार मत मागायला आले, तेव्हा अंकलनी त्यांना सोफ्यावर बसवलं, सरबत दिलं आणि विचारलं, "आपण दुसऱ्या देशांना शस्त्रं विकावीत का?" उमेदवार घाम पुसत म्हणाले, "अंकल, माझ्याकडे गटारं येतात." एकदा शांततेसाठी मूक फेरी काढायची परवानगी मागायला ते मलाही पोलीस चौकीत घेऊन गेले. "कोणाविरुद्ध आहे?" साहेबांनी विचारलं. "कोणाच्याच विरुद्ध नाही," अंकल इतक्या जोरात म्हणाले की कोपऱ्यातला हवालदार उठून उभा राहिला. "मग काढता कशाला?" साहेब खरोखरच गोंधळले होते.

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत, म्हणजे मिस्सेत, लोकांतर्फे छोट्या प्रार्थना वाचतात, त्यातली एक फादरनी त्यांना दिली होती. ती दर रविवारी लांबत गेली. शेवटी फादर हात जोडून म्हणाले, "अंकल, देवाला भूगोल येतो. सगळे देश सांगायला नकोत."

"देवाला येतो हो फादर, आपल्या लोकांना येत नाही ना!"

खारदांड्याच्या कोळीवाड्यातून आमच्याकडे मासे विकायला येणारी मावशीही यातून सुटली नव्हती. एका सकाळी ती जिन्यात बसून अंकलची सुरमई कापत होती आणि अंकल तिला शेजारी देशाबाबतचं परराष्ट्र धोरण समजावत होते. ऐकता ऐकता तिचा कोयता थांबला. "अंकल, माजा भाचा तिकडंच हाय रे," ती म्हणाली. तो गुजरातच्या एका बोटीवर खलाशी होता. बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली म्हणून पलीकडच्यांनी पकडली, तेव्हापासून तो तिथल्या तुरुंगात होता. "तुज्या देवाला त्याचा नाव सांगशील काय?"

अंकल तिच्याशेजारी पायरीवर बसले. मग त्यांनी नाव विचारलं. नीट ऐकू आलं नाही म्हणून तिच्या तोंडाजवळ कान नेऊन पुन्हा विचारलं.

त्या रविवारी त्यांनी एकाही देशाचं नाव घेतलं नाही. "आमच्या मावशीचा भाचा, तुकाराम, लवकर घरी येवो," एवढंच म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. पुढे प्रत्येक रविवारी तेच. फादरनी एकदाही हरकत घेतली नाही.

बऱ्याच महिन्यांनी दोन्हीकडच्या सरकारांचं काहीतरी जुळलं आणि काही खलाशी सुटले. त्यात तुकाराम होता. अंकल मला घेऊन खारदांड्याला गेले. तो भिंतीला पाठ लावून बसला होता. खूप वाळलेला, कोणी दार वाजवलं की दचकणारा. अंकल त्याचा हात धरून बसले. मावशी बांगडे तळत होती आणि पदरानं सारखे डोळे पुसत होती.

परतताना रिक्षात ते म्हणाले, "त्यांचे लोक पण आपल्या जेलमध्ये असतील ना रे?"

"असतील, अंकल."

"त्यांना पण मावशी असेल."

पुढच्या रविवारी त्यांनी पलीकडच्या खलाशांसाठी प्रार्थना केली. पुढच्या बाकावर थोडी कुजबुज झाली, एकजण उठून बाहेरही गेला. अंकलना ती ऐकू आली नसावी, किंवा आली असावी. हल्ली त्यांचा आवाज खाली आलाय, माईक जवळ ओढून घ्यावा लागतो. पलीकडच्या त्या माणसांची नावं त्यांना ठाऊक नाहीत. म्हणून नाव घ्यायची वेळ आली की ते डोळे मिटून थोडा वेळ थांबतात, आणि त्यांच्याबरोबर सगळं चर्च थांबतं.