नाव कमी करण्याबाबत

इंदापूरच्या आमच्या घराला पूर्वेच्या अंगाने एक खोली काढायची, हे माझ्या पत्नीने ठरवले होते. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षे होती. जागा तिच्या नावावर, म्हणून नगरपालिकेतला बांधकाम परवानगीचा अर्जही तिच्याच नावाचा. खोली तिच्या आईसाठी होती.

सासूबाई नात्याने माझ्या मामी. मामा गेल्यावर त्या सांगवीला पुतण्याच्या ओसरीत राहत. पुतण्याला तिथे किराणा दुकान टाकायचे होते. तो तोंडाने काही बोलत नसे. पण दुकानाच्या फळ्या आणून ठेवल्या होत्या आणि मामींचे अंथरूण त्या फळ्यांच्या आड सरकत चालले होते.

पत्नी जवळच्या खेड्यात प्राथमिक शाळेवर शिक्षिका होती. एका रविवारी तिने खो-खोचे मैदान आखायची फक्की पिशवीभर आणली आणि घराशेजारच्या मातीत खोलीच आखून टाकली. दाराची जागा मोकळी सोडली. मामी आल्या तेव्हा त्यांना त्या मोकळ्या जागेतूनच आत नेले. मामींचे तारुण्य मेंढरांमागे, उघड्या रानात गेलेले. त्या मधोमध बसल्या, चारी पांढऱ्या रेघांकडे पाहून म्हणाल्या, "लय मोठी झाली गं. धा मेंढरं मावतील हितं."

"मेंढरं न्हाय आणायची. एकटीनंच यायचं."

अर्ज दिल्यानंतर दीड महिन्याने पत्नी काविळीने गेली. आठ दिवसांत सगळे संपले.

पुढे जागेच्या पाहणीची नोटीस आली. अर्जदाराने समक्ष हजर राहावे, असे तिच्यात लिहिले होते. पाकिटावर तिचे पूर्ण नाव, आधी 'सौ.' लावलेले.

ओव्हरसियर नुकतेच बदलून आले होते, त्यांना काही ठाऊक नव्हते. टेप उलगडत त्यांनी विचारले, "बाई कुठं आहेत, सर? अर्ज त्यांचा आहे, मोजमाप त्यांच्यासमोर झालं पाहिजे."

"बाहेर गेल्यात," मी म्हणालो.

असे का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ठरवून काही केले नव्हते. वाक्य तोंडातून निघाले आणि ऐकताना मलाच खरे वाटले. त्यांनी कागदावर 'अर्जदार गैरहजर' लिहिले आणि ते गेले. तिच्या हजेरीपटात तो शब्द मी तिच्या अक्षरात कितीदा पाहिला होता. मुले गैरहजर असत आणि दुसऱ्या दिवशी येत. त्या संध्याकाळी मी फाटकाची कडी लावली नाही.

ते दुसऱ्यांदा आले तेव्हा मी सांगितले, "माहेरी गेल्यात." आता त्या खोट्याला गाव मिळाले. पुढचे काही दिवस मी मनात तिच्या एसट्या जुळवत राहिलो. सांगवीहून बारामती, बारामतीहून इंदापूर. स्टँडवरून चालत वीस मिनिटे. फाटक वाजले की मान वर व्हायची. नगरपालिकेच्या एका फायलीत ती अजून होती, तिला पत्रे येत होती, तिची वाट पाहिली जात होती. तेवढे मला पुरत होते. सांगवीच्या ओसरीतल्या फळ्या मला माहीत नव्हत्या असे नाही. परवानगी अडली ती माझ्यामुळे, हेही कळत होते.

तिसऱ्या खेपेला मामी घरी होत्या. गाठोडे घेऊन आल्या होत्या, "दोन दिस ऱ्हाते" म्हणून. आठवडा झाला होता. ओव्हरसियर दारातूनच हसले. "बाई आज तरी भेटणार का, सर?"

मी काही बोलायच्या आत मामी म्हणाल्या, "कोन बाई? माजी लेक? ती वारली, सायब. दिवाळीच्या आदी."

ओव्हरसियरांनी माझ्याकडे पाहिले. मग मामींनी.

"तुमी काय सांगितलं व्हतं यास्नी?"

"बाहेर गेल्यात म्हणून."

"आन् मी हितं कुनाच्या जिवावर ऱ्हायलेय?"

त्या रागाने बोलल्या नाहीत, म्हणून मला जास्त लागले.

ओव्हरसियर भला माणूस होता. त्यांनी खुर्ची ओढली, कोरा कागद मागितला आणि मला मजकूर सांगू लागले. मृत्यूचा दाखला जोडायचा, वारस म्हणून माझे नाव लावायचे. "वर विषय लिहा, सर. मयताचे नाव कमी करण्याबाबत."

"कमी म्हंजी किती?" मामींनी विचारले.

"किती असं नसतं, आजी. कागदावरनं काढायचं."

"मग काढायचं म्हना की. कमी कशाला म्हनता?"

मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो. तरी ती ओळ त्यांनी सांगितली तशीच लिहिली, खाली सही केली. सही करताना हात थांबला तेव्हा मामी म्हणाल्या, "करा. तिनंच आखलीया खोली." साक्षीदार म्हणून त्यांनी अंगठा दिला आणि शाई पदराला न पुसता हौदावर जाऊन धुतली.

तीन महिन्यांनी माझ्या नावाने परवानगी आली. खोली झाली. मामी सांगवीहून कायमच्या आल्या.

मी लहान असताना मामी मला नावाने हाक मारत. लग्न झाल्यावर ते बंद झाले. जावयाचे नाव घ्यायचे नाही ही त्यांची रीत. मला काही सांगायचे तर लेकीला हाक मारायची, आणि ते मी ऐकायचे. खोलीत आल्याच्या पहिल्याच दुपारी मी पेपर तपासत बसलो होतो. आतून मामींनी लेकीला हाक मारली. नेहमीसारखी, शेवटचे अक्षर लांबवून.

मला वाटले, सवयीने हाक गेली असेल, आता त्या गप्प राहतील.

थोड्या वेळाने पुन्हा तीच हाक आली. मी ओ दिली आणि उठलो.