गाठीपासून गाठीपर्यंत

गावात माझ्या हातून एकच टिकाऊ काम झालं, आणि ती चूक होती.

आमचं गाव अनसिंगजवळ. दुष्काळानंतर पहिल्यांदाच ज्वारी अशी पिकली, की मागच्या खोलीत पोती आढ्याला टेकली आणि आम्ही माणसं ओसरीवर आलो. नेमकी त्याच वर्षी माझी बहीण शांता पहिलटकरीण. बाळंतपण माहेरी करायचं तर खोली हवी. तिच्या सासूनं निरोप धाडला, "जागा नसन तं पोरगी इथंच राहू द्या." त्यानंतर दोन दिवस माय पोत्यांकडं बघून भांडी आपटत होती. मग बानं ठरवलं, खोलीत माळा घालायचा. ज्वारी वर, शांता खाली.

त्यासाठी बांधावरचा कडुनिंब पाडला. (एकच होता. हे लक्षात ठेवा.) त्यातून अकरा आडवी लाकडं निघणार होती, आणि त्यांची टोकं समोरासमोरच्या भिंतींत पाडलेल्या भोकांत बसायची होती. बानं सुतळी भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणली, दोन्हीकडं गाठ मारली, गाठींच्या पुढं वीत-वीत सुतळी लोंबती ठेवली आणि माझ्या हातात दिली.

"समजलं ना?"

"सातवीपर्यंत शिकलो ना, बा."

(सातवीचा निकाल लागायच्या आधीच मी शाळा सोडली होती. पण घरात तेवढंही कोणी शिकलं नव्हतं, म्हणून बा मला शिकलेलाच धरायचा.)

कडुनिंब कापायला नेला, त्या आरा मशीनवरच्या माणसानं विचारलं, "पुरी सुतळी, का गाठीपासून?"

"गाठीपासून गाठीपर्यंत," मी ठासून सांगितलं. "पुढचं शिल्लक हाय."

लाकूड वाया जाऊ नये म्हणून कापलेले बावीस तुकडेही मी पोत्यात भरून आणले. मायनं डोक्यावरून हात फिरवला. "पोराले घरची काळजी हाय," म्हणाली, आणि लगेच चुलीत दोन सारले.

दुसऱ्या दिवशी किसन सुतार आला. त्यानं आणि बानं पहिलं लाकूड उचलून भोकांपाशी धरलं. लाकूड दोन्ही भिंतींच्या मधोमध असं बरोबर मावलं, की मला अभिमान वाटला. मग किसननं हात सैल केला आणि लाकूड खाली त्याच्या पायापाशी आलं.

"वर कायच्यावर बसन हे?" त्यानं विचारलं. "भिंतीत शिरायले वीतभर तरी लागते ना दोन्हीकडून. वीत कुठं गेली?"

 चुलीवर भाकरी फुगत होती. वीत तिथं गेली होती.

मी गोठ्यामागं जाऊन बसलो. कडुनिंब एकच होता, तो कापला होता. शांता पंधरा दिवसांत यायची होती. तिचं बाळंतपण मी चुलीत घातलं होतं. त्याच दिवशी घर सोडून जावं असं वाटलं, पण एसटी गेली होती.

थोड्या वेळानं बा आला. गोठ्यात आजोबांच्या वेळची मोडकी बैलबंडी पडून होती. बा तिला कोणाला हात लावू देत नसे. तिच्या लांबलचक धुऱ्यांवर, बैल जुंपायच्या दोन दांड्यांवर, हात ठेवून तो उभा राहिला.

"ऊठ. हे दोन्ही धुरे सोडव."

"बा, ही तं आबाची बंडी."

"आबानं पोरीबाळी आणायलेच केली होती. आता एक पोरगी आणू तिच्यावर."

भोकं पाडलेल्या दोन्ही भिंतींना लागून दोन-दोन खांब रोवले, त्यांवर धुरे आडवे टाकले, आणि माझी बुटकी लाकडं त्या धुऱ्यांवर ऐटीत बसली. ज्वारी वर गेली. किसन बाहेर सांगायला तोंड उघडणार, तोच बा म्हणाला, "असंच करायचं होतं. भिंतीवर भार नाही येत. माह्या पोराचं डोकं हाय."

शांता आली. पोरगी झाली. एका धुऱ्याला झोका बांधला, आणि बंडी पुन्हा चालायला लागली म्हणून बा दिवसभर झोक्याची दोरी ओढत बसला.

आता मी सुरतेला आहे, घरापासून लांब. पोट लाकडाच्याच कामावर चालतं. कोणतंही माप घेतलं की तीनदा घेतो, वर एक वीत धरतो. मालक म्हणतो, माणूस भारी सावध आहे. बा गेला, पण ती गोष्ट त्यानं शेवटपर्यंत कोणाला सांगितली नाही.

परवा शांताचं पत्र आलं. गावात आणखी दोघांनी माळे घातले म्हणे. दोघांनीही भिंतींना भोकं न पाडता आतून चार-चार खांब रोवले, धुऱ्यांसाठी चांगल्या चालत्या बंड्या मोडल्या, आणि आता शेतात पायी जातात. विचारलं की सांगतात, ही शिकलेल्या माणसाची पद्धत आहे.