स्लॅबचं पाणी

आम्ही गाव सोडलं तेव्हा बाबा परांचीवर होते. चर्चच्या पुढच्या भिंतीचा गिलावा चालला होता. एक ट्रंक आणि गोधड्यांचं गाठोडं घेऊन माय आणि मी त्या भिंतीखालूनच एसटीच्या थांब्याकडे निघालो, कारण दुसरा रस्ता नव्हता. बाबांनी थापी थांबवली, आमच्याकडे बघितलं आणि परत हात चालवायला लागले. मायनं वर पाहिलंच नाही. चाकूरला आम्ही नांदेडची गाडी धरली.

गावच्या मंडळींनो, तुमच्यातले बरेचजण तेव्हा तिथे होते. जे नंतर जन्मले, किंवा आमच्यासारखे बाहेर पडले, त्यांच्यासाठी लिहिते.

लातूर जिल्हा वेगळा झाला आणि काही वर्षांतच दुष्काळ आला. जुनं पत्र्याचं चर्च पाडून स्लॅबचं बांधायचं आधीच ठरलं होतं. चर्चचे पाळकसाहेब म्हणायचे, जिल्हा आता जवळ आलाय, मोठे पाहुणे येतील, त्यांना काय पत्र्याखाली बसवायचं? बाबा गवंडी. स्लॅब त्यांच्याच हातचा. तो ओतून झाला आणि त्याच आठवड्यात विहिरीनं तळ गाठला. टँकर आला की आमच्या वस्तीच्या वाट्याचं पाणी आधी चर्चच्या पिंपांत जायचं. स्लॅबवर सिमेंटची आळी करून पाणी भरून ठेवावं लागतं, नाहीतर तो तडकतो. चर्चच्या सगळ्या मंडळीनं हात वर करून तसं ठरवलं होतं. मायनंही हात वर केला होता.

माझा धाकटा भाऊ सामू तेव्हा नुकता चालायला लागला होता. त्याला हगवण लागली. डोळे आत गेले, रडला तरी पाणी येईना. माठ कोरडा होता. शेजारी मागावं तर त्यांच्याकडेही नुसता गाळ. माय कळशी घेऊन चर्चकडे गेली, मी तिच्या मागे. तिनं पिंपात कळशी बुडवली. तिथे चर्चचे पंच उभे होते, त्यांनी वर बाबांकडे बघितलं. बाबा शिडीवरून उतरले, तिच्या हातातली कळशी घेतली आणि पिंपात रिकामी केली.

"सांच्याला टँकर येतोय," ते म्हणाले. "हे देवाचं पानी हाय."

टँकर आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सामू गेला. खड्डा बाबांनीच खणला.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले की देवानं आपल्या नव्या घरासाठी पहिलं अर्पण, प्रथमफळ मागून घेतलं. बायकांनी डोळ्याला पदर लावला. माय खड्ड्याच्या कडेला बसली होती. तिथूनच ती बोलली.

"साहेब, देव तुमच्या स्लॅबवर नव्हता. माझ्या लेकराच्या उशाला बसला व्हता. त्यो बी पानीच मागत व्हता. तुमी न्हाई म्हनलं."

पुढच्या रविवारी बाबांना मंडळीपुढे उभं करून तिच्या वतीनं माफी मागायला लावली. त्यांनी मागितली. मायचं प्रभुभोजन, चर्चमधली भाकर आणि द्राक्षरस, बंद झालं. शेजारणी तिला पाहून दार लोटून घ्यायच्या. मग आम्ही निघालो. बाबा म्हणाले, काम अर्धं टाकून येता येत नाही.

नांदेडला माय एका दवाखान्यात आया म्हणून लागली. पुढे मी नर्सिंग केलं. पहिल्याच वर्षी सिस्टरनं शिकवलं की अशा लेकराला उकळून गार केलेलं पाणी, चिमूटभर मीठ आणि साखर, एवढं वेळेवर दिलं तर बहुतेक वेळा पुरतं. त्या दिवशी मी मेसमध्ये जेवले नाही. मायला हे कधी सांगितलं नाही.

नांदेडला मोठं चर्च होतं. माय गेली नाही. ड्यूटी सुटली की वॉर्डातल्या बायका आमच्या खोलीत चटईवर बसायच्या, एकजण वाचायची, बाकीच्या प्रार्थना करायच्या. नव्या कुणी चर्चबद्दल विचारलं की माय म्हणायची, "त्यो येतोय की हितं. दार उघडं ठिवा, झालं."

बऱ्याच वर्षांनी बाबा आले. सिमेंटनं बोटं फाटलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. मायनं ताट वाढलं, खाट दिली. रविवारी ते ऑटोनं चर्चला जायचे. परतले की ती एवढंच म्हणायची, "भेटला का?" ते खाली मान घालून चपला काढत राहायचे.

एका रविवारी ते गेलेच नाहीत. संध्याकाळी बायका जमल्या तेव्हा भिंत धरून चटईवर टेकले. मायनं गुडघा आवळून जागा केली. सगळ्यांचं झाल्यावर बाबा म्हणाले, "देवा, सामूला म्या पानी दिलं न्हाई."

ते नाव त्यांच्या तोंडून दफनानंतर मी पहिल्यांदा ऐकलं. बायकांनी आमेन म्हटलं.

त्यानंतर मरेपर्यंत ते रोज चटईवर बसले आणि रोज तेवढंच बोलले. माय रोज सरकून त्यांना जागा द्यायची. आमेन तिनं एकदाही म्हटलं नाही.

दोघंही आता नाहीत. तुम्ही दरवर्षी चर्चच्या वर्धापनदिनाला बोलावता, त्यात तुमची माया आहे, मला कळतं. मी येणार नाही. गाव कोणतं म्हणून कुणी विचारलं तर तुमच्याच गावाचं नाव सांगते. पण घर म्हटलं की ती खोलीच आठवते. बाबांना माफी मिळाली का, मला कळलं नाही. देव मात्र त्या दोघांच्या मध्ये रोज बसलेला असायचा, आणि त्यानंही मायला कधी घाई केली नाही.