खाली कर

आमची पोस्ट बर्फात होती. हेलिकॉप्टर आलं तर नवी डाक, नाही आलं तर जुनीच पत्रं पुन्हा वाचायची. संतरी ड्यूटीला जोडी असायची. मी हवालदार, आणि माझा बडी शिपाई काशिनाथ साळवे. नांदेडकडचा, नवा भरती, सुपारीचं खांडही न खाणारा. एक ऑर्डर पक्की होती: मोर्चात, म्हणजे खंदकात, बिडी-सिगारेट बंद. पेटलेलं टोक समोरच्याला दिसलं की त्याला नेम शोधावा लागत नाही.

ऑर्डर मी तंतोतंत पाळली. बिडी सोडली, तंबाखू मळायला लागलो.

साळवेला पेंग यायची. संतरीचा डोळा लागला तर मागे झोपलेली सगळी सेक्शन उघडी पडते. तेव्हा मी मोठ्या ज्ञानी माणसासारखा म्हणालो, "ओठात चिमूटभर धर. झोप गावाला जाते."

"नको उस्ताद. आईला शब्द दिलाय."

"मग आईला बोलव संतरीला."

त्याने धरली. त्याला घाम फुटला, ओकारी आली. पण झोप गेली. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

फायरिंग रेंजवर हुकूम असतो, "भर!", आणि गोळीबार संपला की "खाली कर!", म्हणजे बंदूक रिकामी कर. आणि आपल्याकडे तंबाखूला म्हणतात बार भरणं. या विनोदावर मी बेहद्द खूश होतो. रोज मळून झाली की तळहात पुढे करून दबक्या आवाजात हुकूम द्यायचो, "भर!" साळवे सावधान होऊन चिमूट ओठात सरकवायचा. एकदा तशाच भरल्या तोंडाने त्याने वायरलेस सेटवर रिपोर्ट दिला.

"अल्फा, फब ठीक. ओव्हर."

"ये फब क्या है? मुँह खाली करके बोलो. ओव्हर."

आम्ही पोट धरून हसलो. रेशन अडकायचं, रॉकेल अडकायचं, पुड्या मात्र कशा कोण जाणे पोचायच्या. पुड्या बनवणारे साहेबलोक कुठल्या देशात, कुठल्या काचेच्या इमारतीत बसतात मला ठाऊक नाही. पण त्यांचा बिनपगारी भरती-हवालदार मी होतो. इतकं चोख काम मी फौजेचंही केलं नाही.

रिटायर होऊन मी मीरा रोडजवळ राई गावात घरी आलो आणि हाटकेशला एका सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर झालो. पुढे साळवेही बिऱ्हाड घेऊन मीरा रोडला आला. मीच त्याला गेटवर लावला. आता चुनाळं जाऊन पाऊच आले होते, वर सडलेल्या तोंडाचा फोटो. मी म्हणायचो, "साळवे, तुझा फोटो झकास आलाय." तो ओठ मिटूनच हसायचा. वडापावचे चिमणीच्या घासाएवढे तुकडे करून खायचा. मी त्याचं नाव नवाब ठेवलं. "दाढ दुखते, उस्ताद," एवढंच तो म्हणायचा.

एका दुपारी पाण्याचा टँकर रिव्हर्समध्ये आत येत होता. मागे शहाकाका काठी टेकत चालले होते, कानाने कमी. साळवेने शिट्टी ओठांना लावली. नुसती हवा फुसफुसली. त्याने शिट्टी टाकली, धावत जाऊन टँकरच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी बडवायला लागला. टँकर काकांपासून हातभर अंतरावर थांबला.

ड्रायव्हर खाली उतरला. "सीटी कायको नहीं मारा?"

मीही सगळ्यांसमोर ओरडलो, "साळवे! आधी तोंडातला बार थुंक!"

"तोंडात काही नाही, उस्ताद."

"उघड. इन्स्पेक्शन!"

त्याने उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं. माझं एक बोटही धड आत जाईना.

"कधीपासून?"

"झाले दोनेक पावसाळे."

"बोलला का नाहीस?"

"शिट्टी वाजत नाही म्हटल्यावर गेट गेलं असतं."

डॉक्टर म्हणाले, तोंडात उभी तीन बोटं जायला हवीत. साळवेच्या गालात गाठ होती. त्यांनी माझंही तोंड बघितलं. तीन बोटं आरामात गेली. इतकी वर्षं एकाच पुडीतलं खाल्लं आम्ही. माझं तोंड थापा मारून मोकळं राहिलं असावं. त्या दिवशी मी तंबाखू सोडली.

ऑपरेशनमध्ये साळवेचा अर्धा जबडा गेला. मी भेटायला गेलो तेव्हा नाकात नळी होती. त्याने बोटाने जवळ बोलावलं. शब्द फुटत नव्हते, तरी मला कळलं.

"उस्ताद, भर म्हणालात. खाली कर कधी म्हणालात?"

तो चेष्टा करत होता. डोळे हसत होते. मला हसता आलं नाही.

साळवे त्यातून उठला नाही. स्मशानात त्रिशरण झालं. बाहेर नाईक पवार, आमच्याच सेक्शनचा, तंबाखू मळत उभा होता. त्याने वरून दोन टाळ्या मारल्या आणि तळहात पुढे केला. माझी दोन बोटं आपोआप त्याच्या हातावर गेली. साळवेची बायको टाळीच्या आवाजाने वळली होती. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली.

"खाली कर, पवार," मी म्हणालो. त्याने हात झटकला.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "साळवेला सांगाया पायजे होता, तवा न्हाय सांगितला."

रेजिमेंटच्या सेंटरमधल्या स्मारकाच्या दगडावर साळवेचं नाव नाही. लागणारही नाही, तो गोळीने गेला नाही. गेटवर दुसरा गार्ड आलाय, पण टँकर आत येताना शिट्टी मीच मारतो. टँकर थांबला तरी मारत राहतो. वरच्या मजल्यावरून बायका ओरडतात, "हवालदारकाका, बस करा!" शहाकाका बाकावर बसलेले असतात. त्यांना शिट्टी ऐकू येत नाही.