केबिनमधली दुसरी खाट

माझा चुलतभाऊ आणि वहिनी वर्षातले सात-आठ महिने समुद्रावर असतात. कामासाठी नाही, मजेसाठी. दादा मालवाहू जहाजांवर इंजिनीअर होता. सगळी नोकरी इंजिनाच्या खोलीत, पाण्याच्या पातळीखाली. पस्तीस वर्षं समुद्रात राहून समुद्र काही पाहिला नाही, असं तो म्हणतो. तो पाहायचा म्हणून निवृत्तीनंतर एक क्रूझ केली, मग दुसरी. आता एक संपायच्या आत पुढचीचं बुकिंग झालेलं असतं. घरी येतात ते कपडे बदलायला आल्यासारखे.

त्यांचं घर आमच्या घराला लागून आहे, मध्ये फक्त चिऱ्याच्या दगडांचा कमरेइतका गडगा. किल्ली माझ्याकडे असते. पावसाळ्यात बंद घराला बुरशी धरते, म्हणून रविवारी मी जाऊन खिडक्या उघडतो, पंखे लावतो, कपाटांची दारं उघडी टाकतो. नेमके त्याच वेळी दादाचे फोटो येतात. पांढऱ्याशुभ्र टेबलावर कलिंगडाचा कोरलेला मोर, मागे निळं पाणी. इथे मी त्याच्या कोटावरची बुरशी फडक्यानं पुसत असतो. आंब्याच्या दिवसांत तर ते नसतातच. अंगणातल्या दोन कलमांचे आंबे तुम्हीच खा, असा निरोप येतो. आम्ही खातो. मला ते गोड लागत नाहीत.

आमचा समुद्र म्हणजे आरे-वारेचा किनारा. महिन्यातून एकदा गाडी कडेला लावायची, भेळ खायची, अंधार पडायच्या आत परत.

मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला असेल तर दादाच्या हिशोबाचा. तो एकदा म्हणाला, पुण्यात मुलाजवळ फ्लॅट घेऊन स्वयंपाकीण, ड्रायव्हर आणि सोबतीला माणूस ठेवण्यापेक्षा बोटीवर राहणं काही फार महाग पडत नाही. मी लेखापाल आहे. घरी येऊन आकडे मांडले, कारण चूक सापडणार याची मला खात्री होती. सापडली नाही. फक्त त्या हिशोबाच्या सुरुवातीला जी शिल्लक लागते ती त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

बायकोला या कशाचं काही वाटत नसे. ती फोटो मोठे करून बघायची आणि तिथे मासे कुठले मिळतात ते वहिनींना विचारायची.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर दादाचा गुडघा बिघडला आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. दीड महिन्याच्या सफरीचे पैसे भरून झाले होते, परत मिळायची मुदत टळली होती. ओटीवर बसून वहिनींनी नियम समजावला. केबिन दोघांची असते. एकानं जा नाहीतर दोघांनी, पैसे तेवढेच. मात्र थोडी फी भरली की दुसऱ्या माणसाचं नाव बदलता येतं. वहिनींना जायचंच होतं. दादाला या स्थितीत ठेवून जाणार का, असं मी विचारलं, तर उत्तर दादानंच दिलं.

"अरे, मी हिला पस्तीस वर्षं ठेवून जात होतो. तेव्हा कोणी मला विचारलं नाही."

वहिनी माझ्या बायकोकडे वळल्या. "तू चल गो माझ्याबरोबर. खाट नुसती रिकामी जायची."

घरी आल्यावर मी अडचणी काढायला लागलो. पासपोर्ट? मुलीच्या बाळंतपणाला ती मस्कतला गेली होती, त्यामुळे तिच्याकडे आहे. मला तेव्हा रजा मिळाली नव्हती, त्यामुळे माझ्याकडे नाही. बोट लागली तर? जयगडच्या फेरीबोटीत कठड्याला धरून उभी असते ती. डोळे मिटून गाडीत बसतो तो मी. दादाच्या जेवणाचं काय? तुम्हाला कुकर लावता येतो, ती म्हणाली. मग तिनं शांतपणे विचारलं, की ती गेली नाही तर त्या जागेचे पैसे परत मिळतील का. मी नाही म्हणालो. पैसे भरलेली वस्तू वाया घालवायची नाही, हा आमच्या घरातला नियम माझाच आहे. त्यापायी मी मुलांना लग्नातसुद्धा वाढलेलं संपवल्याशिवाय पानावरून उठू दिलेलं नाही.

"अहो, मला जायचंय," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात तर राहीन. पण कारण सांगा."

कारण माझ्याकडे एकच होतं. ती जाणार होती आणि मी नाही. ते काही बोलता येण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, "जा."

मेतकूट, आमसुलं आणि लिंबाचं लोणचं बांधून दोघी निघाल्या. बोटीवर दिवसभर फुकट जेवण असतं, मग मेतकूट कशाला, असं मी म्हणालो. वहिनी हसल्या. "भाऊजी, तिकडच्या भाताला चव नसते." म्हणजे तिथल्या जेवणाला नावं ठेवण्याइतकी यांना सवय झालेली. मुंबईला बंदराच्या दारापर्यंत मी पोचवलं. आत फक्त प्रवाशांना सोडतात. बायकोनं एकदा मागे वळून हात केला आणि बॅग ओढत चालायला लागली. चालताना ती वहिनींच्या पुढे होती.

मग आम्ही दोघे पुरुष. संध्याकाळी मी कुळथाची पिठी आणि भात करायचो आणि दादाकडे घेऊन जायचो. तो पाय स्टुलावर ठेवून फोनमध्ये बोट कुठवर पोचली ते बघत बसे. त्याला हेवा वाटत नव्हता. पोटभर जेवलेल्या माणसासारखा तो बोलायचा.

पहिल्या आठवड्यात बायको फोनवर गॅस, दूध, कामवाली, सगळं विचारायची. मला बरं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात एकदा मी दादाकडे असताना फोन आला आणि तिनं खूप वेळ सांगितलं. पहाटे उठून ती वरच्या डेकवर चकरा मारते. एक केरळची बाई मैत्रीण झालीय. काल रात्री बोटीनं कापलेल्या पाण्यात आपोआप निळसर उजेड दिसत होता आणि डेकवरच्या सगळ्या बायका कठड्याशी उभ्या होत्या. मी वाट बघत होतो. तिनं घरचं काहीच विचारलं नाही. शेवटी मीच सांगितलं, की दूधवाला आता उशिरा येतो.

"बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा त्या उजेडाकडे वळली.

फोन ठेवल्यावर दादानं विचारलं, "काय म्हणते?"

"मजेत आहे."

"मग गेली ती," तो हसून म्हणाला. "पहिल्या बोटीतून उतरायच्या आत माणूस दुसरी शोधायला लागतो. तू तयारीत राहा."

मी त्याच्या ताटात भात वाढत होतो. बस, बस, जास्त होतोय, कमी कर, असं तो म्हणाला. मी कमी केला नाही.