आज झोपायला जागा आहे का?

देवाने माझी सोय केली, असं म्हणताना माझी जीभ अजून अडखळते. ज्यांना नुसता गोड अनुभव वाचायचाय त्यांनी इथेच थांबावं. मागच्या हिवाळ्यात इथे परदेशात नवऱ्याने दुसऱ्यांदा हात उचलला आणि मी केलीव्हिलचं घर सोडलं. सॉफ्टवेअर टेस्टिंगचं माझं कॉन्ट्रॅक्ट त्याआधीच संपलं होतं. बारा दिवस मी पेंडल हिल स्टेशनजवळ गाडीत राहिले. डॅशबोर्डवर दत्त महाराजांचा फोटो होता. गुरुवारचा उपास तेवढा सोपा झाला होता, कारण बाकीचे दिवसही जवळपास तसेच जायचे. रोज त्या फोटोला विचारायचे, महाराज, इतकी वर्षं तुमची सेवा केली ती कशासाठी? उत्तर यायचं नाही. इथली आपली मराठी माणसं मात्र उत्तरं द्यायला तयारच बसलेली. पाच बेडरूमच्या घरातली मैत्रीण फोनवर म्हणाली, "अगं, थोडं ॲडजस्ट करायचं गं. तुला बोलावलंच असतं, पण सासू-सासरे यायचेत पुण्याहून." त्यांना यायला अजून दोन महिने होते.

फोनवर बेघरांना निवारा शोधून देणारं एक ॲप होतं. दिवसा लायब्ररीत बसून मी ते उघडायचे. पहिलाच प्रश्न, आज झोपायला सुरक्षित जागा आहे का? मी 'हो' दाबायचे. गाडी होती ना! आणि 'नाही' दाबलं की आपण बेघर. मी, इंजिनियर झालेली, मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट धरणारी, बेघर? छे! 'हो' म्हटल्यावर ॲप अंघोळीची आणि जेवणाची ठिकाणं दाखवायचं, निवाऱ्याचं पान उघडायचंच नाही. मी ॲपला शिव्या घालायचे. दहा वर्षं लोकांचे फॉर्म तपासले, मला हे दिसू नये? दिसत होतं हो. बघायचं नव्हतं.

बाराव्या दिवशी, गुरुवारी दुपारी बाजूला फोन चार्ज करत बसलेली बाई माझ्या स्क्रीनकडे बघत होती. साठीची, अंगात एकावर एक दोन जॅकेटं, नाव शेरॉन. ती रोज तिथे असायची आणि मी रोज एक खुर्ची सोडून बसायचे, तेही कबूल करते. ती म्हणाली, "लव्ह, तू त्याला खोटं सांगतेयस. मग ते बिचारं काय करणार?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मी तुमच्यासारखी नाहीये." ती हसली. "नो वरीज. पहिले दोन महिने मीही नव्हते." मग स्वतःच्या फोनवर काहीतरी दाबत बसली आणि म्हणाली, "आता बघ परत. या वेळी खरं सांग." पोथी वाचताना 'शरण आले' हजारदा म्हटलं असेल, पण शरण जायचं म्हणजे काय, ते 'नाही' दाबताना कळलं. भर लायब्ररीत रडले. पान उघडलं. बायकांच्या एका निवाऱ्यात एकच खाट रिकामी दिसत होती, ती मी ॲपवरच घेतली. "तुमचं काय?" मी विचारलं. "माझी सोय झालीय," ती म्हणाली. मी लगेच विश्वास ठेवला. माझ्या सोयीचं होतं ते.

संध्याकाळी निवाऱ्यातल्या बाईने हातात चादर देताना सहज सांगितलं, "नशीबवान आहेस. ती खाट सकाळपासून एका बाईने धरून ठेवली होती. तू घ्यायच्या दोन मिनिटं आधी सोडली. जागा मिळाली म्हणे तिला." मी चादर घेऊन तशीच उभी राहिले. मी 'हो' म्हणत होते अब्रूसाठी. शेरॉनने 'हो' म्हटलं माझ्यासाठी.

आता नोकरी आहे, एक भाड्याची खोली आहे. त्या लायब्ररीत मी कितीदा जाऊन आले, शेरॉन दिसली नाही. लोक म्हणतात, प्रत्यक्ष दत्त आले गं तुझ्यासाठी. आले असतील, मी वाद घालत नाही. पण आले तेव्हा मी त्यांच्यापासून एक खुर्ची सोडून बसले. महाराज, तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही. पण तुमच्याकडे खाट एकच होती का? आता फोटोपुढे स्वतःसाठी काही मागत नाही. गुरुवारी दिवा लावते आणि एवढंच विचारते, शेरॉनला आज झोपायला जागा आहे का? खरं सांगा.