घासलेले अकरा रुपये

"ऱ्हाऊ द्या, कंपनी. हाय तसं बरं हाय."

आमच्या शेजारच्या आबांचं हे वाक्य मी पंधरा-वीस वर्षं रोज ऐकलं. म्हणताना ते उजव्या हाताचा पंजा पुढं धरायचे, समोर बुजरं कोकरू उभं असावं तसा. सायकलच्या गंजाला हेच वाक्य, दाराच्या उडालेल्या रंगाला हेच. "आबा, तो पितळी तांब्या द्या, आरसा करून देतो," असं मी म्हटलं की त्यालाही हेच. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. मी सणसवाडीच्या एका कंपनीत होतो, म्हणून मीच 'कंपनी'.

कंपनीत मी बफिंगला होतो. फिरत्या चाकावर नळ धरायचा आणि त्यात आपलं तोंड दिसेपर्यंत चमकवायचा, हे मी तीस वर्षं केलं. रिटायर झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, मी परसात छोटी मोटर बसवली. गल्लीतल्या समया, तांबे, पोरांचे क्रिकेटचे कप, काही म्हणून सोडलं नाही. देवघरातले चांदीचे टाकही चाकावर धरले. तेव्हापासून आमच्या खंडोबाला नाक नाही. बायको दर दसऱ्याला ऐकवते, "आता देवाला ओळखायचं कशावरून, ते तरी सांगा." मला मात्र वाटायचं, काय झळकतोय! असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्या हातात काही देऊ नका.

आबांचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. पुढं शिरूरजवळ थोडी जमीन घेऊन ते स्थिरावले, पण तोंड काही स्थिरावलं नाही. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ते मावशींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, दिवसभराचं सगळं सांगायचे. कुणाची शेळी व्याली, सोसायटीच्या निवडणुकीत कोण आपटलं, सगळं. मग मावशींचे कान गेले. त्या नुसतीच मान हलवू लागल्या, आणि आबांचं तोंड उतरलं.

"बोलतो मी आन् ती हसती," ते मला म्हणाले. "शेळी मेली म्हणलं तरी हसती. काय करावं माणसानं?"

डॉक्टरनं दोन्ही कानांना मशीन लावायला सांगितलं. पोरांपुढं हात पसरणार नाही, हा आबांचा हट्ट. शेवटी मावशींनीच पेटीच्या तळातून एक फडकं काढून दिलं. त्यांच्या बापानं लग्नात दिलेले राजाछाप चांदीचे अकरा रुपये त्यात होते, तव्यासारखे काळे.

"इकायचं हायती. तुमच्या वळखीचं हाय का कुणी?" आबांनी मला विचारलं.

नसायला काय झालं! दौंडला माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते, रेल्वेतून रिटायर झालेले, जुनी नाणी घेणारे. मी त्यांना मोबाईलवर फोटो पाठवले, कशासाठी विकायचेत तेही सांगितलं. लगेच फोन आला. "यातल्या चारांवरची सालं सहसा मिळत नाहीत. दोन्ही मशीनं होतील आजींची. पण आहेत तशीच आणा हं."

आता माझी अक्कल बघा. आबा जन्मभर म्हणत होते, हाय तसं बरं हाय. दौंडचा जाणकार म्हणत होता, आहेत तशीच आणा. आणि मी मनात म्हणालो, यांना काय कळतंय! काळा माल बघून गिऱ्हाईक भाव पाडतं, हे मला कुणी शिकवायला नको. आबांनी नाणी विश्वासानं माझ्याकडं ठेवली होती. त्यांना चकित करावं म्हणून, जायच्या आदल्या दुपारी, मी मोटर चालू केली. अकराच्या अकरा घासली. शेवटचा रुपया बायकोला हाक मारून दाखवला.

ती बघत राहिली. "राजा कुठाय?"

"चमक बघ की!" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी आणि आबा दौंडला गेलो, त्या गृहस्थांनी पुडी उघडली. भिंग लावून एकेक नाणं उलटंपालटं केलं. "साल गेलं, चेहरा गेला," ते म्हणाले. "तो काळेपणाच नाण्याचं वय सांगत होता. आता ही वजनावर, नुसती चांदी म्हणून."

"काहीच करता येणार नाही?"

"पुन्हा काळी करता येतील. राजा कुठून आणू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा शेजारच्या खुर्चीत होते, त्यांनी सगळं ऐकलं. वजनाचे जे आले त्यात एका कानाचं मशीन बसत होतं.

परतीच्या एसटीत चौफुल्याचा स्टँड मागं पडला. मग मी कसाबसा म्हणालो, "आबा, दुसऱ्या कानाचं मी आणतो. माझी चूक आहे."

त्यांचा पंजा पुढं आला. "ऱ्हाऊ द्या. तिचं रुपयं, तिचा कान. तुमी न्हाई मधी पडायचं." मग ते स्वतःशीच हसले. "पर कंपनी, चमकत हुतं मातुर झ्याक!"

साठी उलटलेला मी बाप्या, मला भर एसटीत रडू कोसळलं. कंडक्टरनं आबांनाच विचारलं, कोण गेलं म्हणून.

मशीन मावशींच्या उजव्या कानाला बसलं. त्या दिवसापासून आबांनी ओट्यावरची आपली जागा बदलली. जन्मभर ते मावशींच्या डावीकडं बसायचे, ते उजवीकडं बसू लागले. पहिल्याच संध्याकाळी मावशी त्यांना म्हणाल्या, "वरडू नका, येतंय ऐकू." हे आबा अख्ख्या गल्लीला सांगत फिरले. मी मात्र येता-जाता मावशींचा डावा कान बघायचो. माझा तीस वर्षांचा अनुभव तिथं दिसायचा. मोटर मी भंगारात घातली.

गेल्या थंडीत आबा गेले. महिन्याभरानं मी मावशींकडं गेलो. त्या ओट्यावर होत्या, मशीन लावून, मान उजवीकडं कलती करून. त्या बाजूला कुणी नव्हतं. तिथं बसायचा मला धीर झाला नाही. मी डावीकडं बसलो आणि बोलायला लागलो. अर्थातच त्यांना काही ऐकू गेलं नाही. शेवटी त्याच माझ्याकडं वळून बसल्या.

"मावशी," मी म्हणालो, "आता तरी दुसऱ्या कानाचं मला आणू द्या. आबांनी आणू दिलं नाही."

त्यांनी पंजा पुढं धरला, अगदी आबांसारखा.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ. त्यांचं सगळं या एका कानानं ऐकलं. आता दुसऱ्यानं कुणाचं ऐकू?"